लाल गाडीची पॉवर

कोइम्बतूर, ता. ५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
प्रेमानंदचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाई, अन् धाकल्या प्रीतीच्या मोबाइलवर लिहिलं तं ती आधी साऱ्या नंदनवन मोहल्ल्याले दाखवते, मंग तुम्हाले. म्हणून कागद काळा करून राहिलो.

गॅरेजात एका सूतगिरणीवाल्याच्या पोट्ट्याची लाल गाडी आली आहे. दोनच सीट, तेही जमिनीले टेकलेले. आईले बसवलं तं क्रेननं काढा लागन. पोट्ट्याले धड रिव्हर्स घेता येत नाई, पण पॉवर पाहिजे. चांगलाभला सायलेन्सर काढून आम्ही मांडीएवढा पाइप बसवला. आता गाडी सुरू केली का शेजारच्या दवाखान्यातले पेशंट उठून बसतात, अन् हा डोळे मिटून ऐकते, जसं पहिलं लेकरू रडून राहिलं. उस्तादानं लॅपटॉप लावून इंजिनाची सेटिंगही चढवली. ही गाडी नीट गेली का लॅपटॉपच्या खुर्चीवर मले बसवतो म्हणे. नववी नापास माणूस, बाबा! चार वर्षं नट फिरवले त्यासाठी. तुमच्यासारखा वाडीच्या गॅरेजात ट्रकांखाली जन्म गेला असता तरी हे दिसलं नसतं.

एकच गोष्ट. गाडी तपासणीच्या रोलरवर जागच्या जागी पूर्ण पळवली का पायाखाली गिट्टी फिरल्यासारखं लागते. ऐकाले जावं तं दणक्यात काही समजत नाई.

आईले जयभीम. लोभ आहे तेवढा तरी राहू द्या.
तुमचा, प्रेमानंद

---

नंदनवन, नागपूर, ता. ११ जानेवारी

चि. प्रेमानंदास,
देवरावचा जयभीम व आशीर्वाद.

पत्र पावलं. आईनं क्रेनचं वाक्य दोनदा वाचलं अन् तुह्यासाठी भरलेली लोणच्याची बरणी शेजारच्या इंदुताईले देऊन टाकली.

तुही ती गिट्टी म्हणजे इंजिन ठोकून राहिलं. पेट्रोल वेळेच्या आधी पेटते अन् पिस्टनवर हातोडा बसते. आधी एवढा गोंगाट करायचा का इंजिन मेलं तरी ऐकू येऊ नये, मंग त्याले पॉवर म्हणायचं. मोठे कारागीर तुम्ही. माहे कान गेल्यावर मी वाडीले लांब पेचकस, तुमचा तो स्क्रूड्रायव्हर, वापरत होतो. टोक इंजिनावर, मूठ दातात. हाडातून सारं समजते. करून पाह. लाज वाटत असन तं लॅपटॉपले विचार.

जेवत जा.
तुहा, बाबा

---

कोइम्बतूर, ता. १७ जानेवारी

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

पेचकस दातात धरून वाकलो तं सारं गॅरेज हसलं. एकानं फोटोही काढला. पण टोक टेकलं अन् माह्या दाढा हालल्या. ठोकते बाबा, चांगलंच ठोकते. सेटिंग भारी पेट्रोलची आहे अन् हा कोट्यधीश साधं भरते. अशा वेळी इंजिन स्वतःच जोर कमी करून वाचते, तं उस्तादानं तेही बंद केलं. नाई तं पॉवरचा आकडा भरत नाई म्हणे.

त्याले सांगतलं. तो म्हणे, गिऱ्हाइकाजवळ एक शब्द काढशीन तं खुर्ची विसर. मी नाई विसरत. फुटलं इंजिन तं फुटू द्या. बापाच्या जिवावर दणदण करणाऱ्याची एकदा भर रस्त्यात जिरली पाहिजे. ३१ तारखेले गाडी गोव्याले चालली. साहेब विमानानं जाणार, गाडी ड्रायव्हर नेणार. एवढी पॉवर साहेबाच्या कमरेले सोसत नाई.

लोभ वाढला नाई तरी चालन.
प्रेमानंद

---

नंदनवन, ता. २२ जानेवारी

चि. प्रेमानंदास आशीर्वाद.

हे पत्र तुह्या आईले दाखवलं नाई.

वाडीले एक ट्रान्सपोर्टवाला होता. चार माणसांत मले बहिऱ्या म्हणून हाक मारे. एकदा त्याचा ट्रक ठोकत होता. मले दातात समजलं, अन् मी बोललो नाई. म्हटलं, जिरू दे याची. घाट चढताना इंजिन बसलं, ब्रेक गेले, ट्रक उलटा मागे आला. मालक वाडीत चहा पीत होता. ट्रकात भैय्याजी ड्रायव्हर होता. रोज दुपारी त्याच्या डब्यातलं मी खात होतो. त्याचा पाय मांडीपासून काढा लागला. त्यानं मले कधी विचारलं नाई, मी कधी सांगतलं नाई. तुलेच सांगून राहिलो.

तुह्या साहेबाची कीव मलेही येत नाई. पण ३१ च्या आत तुले हे भेटलं पाहिजे, म्हणून प्रीतीले स्पीडपोस्टले धाडून राहिलो.

तुहा, बाबा

---

कोइम्बतूर, ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र २७ ले भेटलं. उस्ताद जेवाले गेला तेव्हा मीच लॅपटॉप लावला अन् कंपनीची जुनी सेटिंग परत टाकली. तो आल्यावर त्याले सांगतलंही. त्यानं माह्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला अन् खुर्चीवर दुसऱ्याले बसवलं. मी परत नटांवर आहो. ड्रायव्हर काल गोव्याले पोचला.

साहेब गाडी न्याले आला होता, तेव्हा त्यालेही मी समोर उभं राहून सांगतलं. म्हटलं, वाढवलेली सारी पॉवर काढून टाकली, गाडी आता होती तशीच आहे. मले वाटलं, हा मारतेच. त्यानं जरा विचार केला, मागच्या पाइपकडे पाहिलं अन् एवढंच विचारलं, "आवाज तेवढाच राहील ना?"

राहील म्हटलं. खुश होऊन गेला.

हे पत्र आईले दाखवा. तुमचा लोभ असू द्या, इथे दुसऱ्या कोणाचा उरला नाई.

तुमचा,
प्रेमानंद