गव्हाच्या बिअरला लोण्याचा वास

आये, तुझ्या लेकीनं मैदान मारलं. शेवट आधी सांगून टाकते, कारण तुला गोष्ट लांबवलेली कधीच खपायची नाही. "काय झालं ते बोल, मग पाल्हाळ लाव," म्हणायचीस. तर झालं असं की पुण्यात बिअरची स्पर्धा होती, त्यात गव्हाच्या बिअरच्या गटात आमची पहिली आली, आणि ती आली माझ्या जिभेमुळं. होय, बिअर. दारूच म्हण, तुझ्या लेखी काही फरक नाही. कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढं ऐक. तुला जाऊन वीस वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा मी बारामतीला दुधाच्या प्लँटच्या लॅबमध्ये होते आणि तू गावभर "माझी लेक डाक्टरासारखा कोट घालती" असं सांगत फिरायचीस. कोट अजून तोच आहे. फक्त सहा वर्षांपूर्वी मी एमआयडीसीतल्या एका छोट्या बिअरच्या कारखान्यात चव बघायच्या कामाला लागले. कळसच्या मामाला हे कळलं तेव्हा तो तरातरा कारखान्याच्या गेटवर आला. "पोरीची जात आन दारू चाखती? तुझ्या आयनं दूध चाखलं गं आयुष्यभर!" मी म्हटलं, "मामा, जीभ तीच हाय, भांडं बदललं." दोन महिने बोलला नाही. मग एक दिवस फोन करून हळूच विचारतो, "एखादी बाटली मिळंल का गं? पावण्यांसाठी." पाहुणे कुठले, ते मी विचारलं नाही.

तुझी ती दूध संस्था मला वासासकट आठवते. निमगाव केतकीतली बायकांची संस्था म्हणजे एक पत्र्याची खोली, आत काटा, कॅन, रॉकेलचा स्टोव्ह आणि तू. सकाळी सहाला बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि तुझ्या पोटात तोवर चहाचा घोटसुद्धा नसायचा. अख्ख्या आळीत मिश्री न लावणारी बाई तू एकटी. "मिश्रीनं जीभ मरती," म्हणायचीस, "आन मेलेल्या जिभंनं दुसरीचं दूध नापास करायचं म्हंजे पाप हाय." किटलीचं झाकण उघडून नाक खाली न्यायचीस आणि विचारायचीस, "काल म्हशीला कांद्याची पात घातलीस का गं?" ती बाई तोंडाला पदर लावायची. "व्हय बाई, तुला कुणी सांगितलं?" "तुझ्या म्हशीनं." सगळी रांग हसायची आणि तू मात्र पुढच्या किटलीत वाकलेली असायचीस. मला वाटायचं, आपल्या आईला जादू येते. ती शिकता येते हे मला फार उशिरा कळलं, आणि शिकताना बोलणी खावी लागतात हे मात्र लगेच कळलं.

मी सातवीत आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे आणि तू मला किटल्या हुंगायला बसवलं आहेस, तू पाठीमागून प्रत्येक किटली पुन्हा हुंगतेसच, तरी मी लॅबची साहेबीण असल्यासारखी ताठ बसले आहे. संस्थेच्या चेअरमनबाई येतात. जरीच्या काठाचं लुगडं, हातात पाटल्या, आणि रांग आपोआप बाजूला होते. माझ्या तोंडून आपसूक निघून जातं, "चांगलं हाय, घ्या." तू हातातलं माप खाली ठेवतेस. "हुंगलंस का?" मी किटलीचं झाकण चाचपते. "बाईचं तोंड बघितलंस, दूध न्हाय बघितलंस. तोंड बघून चव सांगती व्हय गं भवाने?" सगळ्या रांगेसमोर. माझे कान लाल झालेत. तू वाटीभर दूध काढतेस आणि स्टोव्हवर ठेवतेस. "थंड असलं की समदंच दूध शहाणं असतं," तू चेअरमनबाईंकडं न बघता म्हणतेस, "जरा ऊब लागू द्या, मग कळतं कोण किती पाण्यात हाय." आणि दूध फाटतं. भर रांगेत, चेअरमनबाईंच्या डोळ्यांदेखत, गाठीगाठी होऊन फाटतं. तू शांतपणे सांगतेस, "बाई, रातचं दूध सकाळच्यात मिसळलंय. न्हाय चालायचं." मला वाटलं आता तुझं काम गेलं. चेअरमनबाई महिनाभर तुझ्याशी बोलल्या नाहीत, मग त्यांची म्हैस व्याली तेव्हा डबाभर खरवस पाठवला. तो खरवससुद्धा तू आधी हुंगलास आणि मग आम्हाला वाढलास. मी तेव्हा तुझ्यावर जाम चिडले होते. अजून आठवलं की थोडी चिडते.

आता ही बिअर काय प्रकरण आहे ते तुला तुझ्या भाषेत सांगते. गहू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचे. तसंच सातूचंही करायचं. दोन्ही भरडून गरम पाण्यात टाकले की पाणी गोड होतं, ते उकळायचं, निवलं की विरजण लावायचं. विरजण म्हणजे यीस्ट, तेही जिवंतच असतं, त्यालाही थंडीवारा बाधतो. आणि मग हॉप्स. ती एका वेलीची फुलं, आपल्याकडं पिकत नाहीत, बाहेरून येतात. पाकीट फोडलं की खोलीभर संत्र्याची साल, कच्चा आंबा आणि आपल्या इंदापूरच्या बागेतल्या पिकल्या पेरूचा वास सुटतो, आये, तू वेडी झाली असतीस. आमचे मालक उसातल्या घरातले, पण त्यांच्या डोक्यात एकच खूळ: गहू आपल्याच तालुक्याचा आणि फुलं भरपूर. अशी बिअर दिसायला गढूळ असते आणि ती तशीच असावी लागते. वरचा फेस ताज्या धारेच्या फेसासारखा दाट, बराच वेळ बसून राहणारा. पहिल्या घोटाला पेरू आणि संत्रं, मध्ये गव्हाची मऊ, भाकरीच्या पापुद्र्यासारखी चव, आणि शेवटी डाळिंबाच्या सालीसारखा कडूपणा, जो जिभेवर येतो आणि उगीच रेंगाळत बसत नाही. हे सगळं जमलं तर ती चांगली. आणि यातलं काहीही चुकलं तर ते लपवायला फुलांचा वास आहेच, तीच तर गोम आहे.

तो गुरुवार. स्पर्धेला बाटल्या सोमवारपर्यंत पोचवायच्या होत्या. टाकी थंड करून ठेवलेली, बाटल्या धुऊन मांडलेल्या, दुपारी भरायच्या आणि संध्याकाळी पुण्याला रवाना. मालकांनी एक सल्लागार आणला होता, पुण्याचाच, पण परदेशात शिकून आलेला, हातात सदा चंची असल्यासारखा एक छोटा ग्लास. त्यानं बिअर पास केली होती. "काय मलईदार उतरली आहे," म्हणाला. आता फक्त कागदावर माझी सही हवी होती. मी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "नाही. हिला लोण्याचा वास आहे." मालक हसले, त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. लोणी काय वाईट असतं होय? "भाकरीवर चांगलं," मी म्हटलं, "बिअरमध्ये ते खोट आहे. आज एवढंसं आहे, बाटलीत गेलं, पुण्यापर्यंत तापलं, की परीक्षकांना वाटंल लोण्याचा डबाच उघडला." सल्लागार चष्मा वर करत म्हणाला, "मॅडम, ही बिअर आहे, ताक नव्हे. आणि गरम करून बघायची परीक्षा मी स्वतः केली होती. एकदम स्वच्छ." मी विचारलं, "कधी केली? फुलं टाकायच्या आधी का नंतर?" त्यानं चष्मा खाली घेतला. "आधी." तिथंच मला कळलं की आपण जिंकलो, पण मालकांना अजून कळायचं होतं. फुलं टाकली की झोपलेलं विरजण कधी कधी पुन्हा जागं होतं, नव्यानं खायला लागतं, आणि त्यात ही लोण्याची घाण मागं सोडतं. ती साफ करायला त्याला अजून तीन दिवस ऊब लागते. आम्ही तर टाकी थंड करून त्याला अर्ध्या कामात झोपवलं होतं.

मालक कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "ताई, तुमी म्हणताय ते खरं असंल. पण आज न्हाय भरली तर स्पर्धा गेली का न्हाय? दोन वर्सं झटतोय ओ मी या गव्हासाठी." मी म्हटलं, "रविवारी भरू. सोमवारी मी स्वतः घेऊन जाते." "आन तुमी चुकला असला तर?" आये, माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, तुझंच भूत शिरलं असावं. "चुकले असले तर उद्यापासून येत नाही." म्हणून तर बसले! माझं निम्मं आयुष्य या नाकजिभेवर चाललंय, लेकीचं कॉलेज त्यावर, घर त्यावर. पण शब्द तोंडातून गेला होता. कँटीनमधून चहाचं पातेलं मागवलं, त्यात गरम पाणी. एकाच टाकीतले दोन ग्लास काढले. एक तसाच ठेवला, दुसऱ्यावर बशी झाकली आणि पातेल्यात उभा केला. अर्धा तास. कँटीनवाल्या मावशी दारात उभ्या, दोन कामगार बाटल्या सोडून आलेले, सल्लागार मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, आणि मी वरून अशी काही निवांत की जणू भाजी शिजायची वाट बघतेय. आतून लेकीच्या कॉलेजच्या फीचा हिशेब मांडत होते. मग ग्लास निववला, बशी उचलली आणि मालकांच्या नाकाखाली धरला. ते मागंच सरले. "आयला! हे तर तूप कढवल्यावानी येतंय की!" मावशींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "व्हय तर, लोणीच हाय." सल्लागारानं शेवटी घेतला. थंड ग्लासही हुंगून बघितला. मग म्हणाला, "टाकी गरम करायला लावा." माणूस कडू नव्हता. मी त्या क्षणी उड्या मारायचीच काय ती बाकी होते.

तीन दिवस आम्ही टाकी उबेला ठेवली. रोज सकाळी तेच पातेलं, तोच खेळ. शुक्रवारी वास कमी, शनिवारी अगदी कोपऱ्यात, रविवारी काहीच नाही. गरम ग्लासातही नुसता पेरू आणि गहू. रविवारी थंड करून दिवसभर भरली, सोमवारी सकाळी बर्फाच्या पेट्यांत बाटल्या ठेवून मालकांच्या गाडीत मी मागच्या सीटवर बसले, पेटीला धरून, जशी काही बाळंतीण घरी नेतेय. स्पर्धेच्या दिवशी परीक्षक एका लांब टेबलाशी बसलेले, ग्लासांवर नुसते आकडे, नाव कुठंच नाही. आमच्या ग्लासाशी एक बाई थांबली. फेस बघितला, हुंगलं, एक घोट घेतला, आणि मग ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ तसाच ठेवला. ऊब देत होती! मला तिच्या पायाच पडावंसं वाटलं. मग तिनं पुन्हा हुंगलं आणि मान हलवली, होकाराची. निकालाच्या वेळी आमचा आकडा पहिला आला तेव्हा मालक खुर्चीवर उभेच राहिले. परीक्षकांच्या कागदावर लिहिलं होतं, "स्वच्छ, काही लपवलेलं नाही." स्टेजवर मालकांनी माईक घेतला आणि म्हणाले, "ही आमच्या ताईंची जीभ हाय. एका घोटात वळखलं त्यांनी." टाळ्या पडल्या. सल्लागारानं खाली उतरल्यावर हात जोडले. "मॅडम, मानलं. शिकलात कुठं?" मी म्हटलं, "निमगाव केतकीला, दुधाच्या रांगेत." ते मी तुझ्यासाठी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

आणि त्या रात्री, आये, मी पूर्ण ग्लास प्यायले. चाखला नाही, प्यायले. चांगली होती गं. आपल्या गव्हाची इतकी चांगली गोष्ट होऊ शकते याचा मला अभिमान वाटला, आणि तू तिथं नव्हतीस याचा राग आला, तुझ्यावर नाही, असाच.

आता हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एक बारीकशी गोष्ट लिहून मोकळी होते. त्या गुरुवारी मी एका घोटात ओळखलं असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणू देते. स्टेजवरही म्हणू दिलं. खरं असं की बुधवारी संध्याकाळीच ती बिअर माझ्यापुढं आली होती. थंडगार, दिवसातला सातवा ग्लास, आणि घरी जायची इंदापूरची एसटी सुटायला दहा मिनिटं. एक घोट घेतला, मला काही म्हणजे काही कळलं नाही, उरलेल्या ग्लासावर बशी टाकून पळाले. तो रात्रभर उकाड्यात टेबलावर राहिला. सकाळी धुवायला उचलला तेव्हा त्याचा वास नाकात घुसला, तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. सल्लागाराला मी एवढं झाडलं, पण त्याच्याआधी मीच ती पास केली होती. कुणाला माहीत नाही. माझ्या स्वतःच्या वहीत त्या बुधवारच्या पानावर "उत्तम" असं लिहिलेलं आहे, आणि खाली सही माझी आहे.