साहेबांच्या मापाचं लाइफ जॅकेट

१४ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरा असशील. दीड वर्षाने पत्र लिहिते आहे, तेव्हा आधीच सांगते की तुला घरी बोलवायचं आहे. का, ते कळवायला बाबांनी मनाई केली आहे. म्हणून मी फक्त नदीवरच्या सहलीबद्दल लिहिणार आहे.

पदवी हातात आल्यावर मला नगरपालिकेच्या नदी विभागात नोकरी लागली. मुलाखतीत मी म्हणाले होते की नदी लोकांना परत मिळाली पाहिजे. त्यावर त्यांनी मला चार होड्या दिल्या. कनू म्हणतात त्यांना. लांबट, चिंचोळ्या, वल्ह्याने चालवायच्या. शहराच्या मागून निघून शेतांपर्यंत जाणारी दोन तासांची सहल मी आखली. पत्रकावर लिहिलं, 'अतिशय सोपी. पोहता न येणाऱ्यांसाठीही.' पाणी बहुतेक ठिकाणी गुडघाभरच आहे, त्यामुळे ते खरंही होतं. मंगळवारी मोठे साहेब स्वतः बसून पाहणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम होणार होती.

लाइफ जॅकेटांचे पट्टे उसवले होते, म्हणून मी ती घरी आणली आणि बाबांच्या हाती देऊन ऑफिसला गेले. दुसऱ्याने केलेली गचाळ शिवण घरात आली की बाबांचं काय होतं, ते तुला ठाऊक आहे. साहेब अंगाने भरलेले आहेत, असं मी बोलता बोलता सांगून बसले होते. पट्टे तर शिवून झालेच, पण साहेबांचं जॅकेट बाबांनी कमरेत बेतून घेतलं आणि आत एक खिसाही दिला. वर होडीच्या फळीसाठी एक गुबगुबीत उशी. मी पट्टे तेवढे ओढून पाहिले.

गिऱ्हाइकाने घालून दाखवल्याशिवाय बाबांच्या लेखी काम पुरं होत नाही, म्हणून तेही नदीवर आले. साहेब एकदम खूश. म्हणाले, ऑफिसची एखादी वस्तू आज पहिल्यांदा अंगाला बसली. त्यांनीच आग्रह करून बाबांना होडीत घेतलं. बाबा पुढे, साहेब मधे, मी मागे वल्हं घेऊन. पुढच्याने दगड दिसला की सांगायचं, एवढंच काम.

नदीतून शहर पाठमोरं दिसतं. लाँड्रीची वाफ, दवाखान्याची मागची भिंत, गॅलऱ्यांत वाळणारे कपडे. बाबा बोट दाखवू लागले, हा शर्ट मी शिवलाय, तोही माझाच. साहेब कौतुकाने ऐकत होते. तिसरा शर्ट म्हणजे उशीचा अभ्रा होता. मी वल्हं जोरात मारलं.

घरं संपून शेतं लागली. काठावर जुना कोट घातलेलं एक बुजगावणं उभं होतं. बाबांनी त्याला हात जोडून नमस्कार केला. उत्तर येईना, तेव्हा मागे वळून म्हणाले, "खांदा छान बसलाय, पण माणूस शिष्ट दिसतो."

साहेब पोट धरून हसले. त्यांना तो विनोद वाटला. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मग बाबांनी सांगितलं, पुढे मोकळं आहे. पुढे म्हशीएवढा दगड होता.

होडी कलंडली आणि साहेब पाण्यात बसले, ते छातीपर्यंत. जॅकेट ओल्या बनियनसारखं अंगाला चिकटलं. तरंगत होती फक्त उशी. यातला फोम कुठे गेला, असं त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून अदबीने म्हणाले, "साहेब, त्यावरच तर बसला होतात. जॅकेटात त्याने उगाच फुगवटा येत होता."

अहवालात मी स्वतःविरुद्ध दोन पानं लिहिली. साहेबांनी त्यातलं दीड पान खोडलं आणि सहल मंजूर केली. जॅकेटं पुन्हा भरून, तपासून झाली. माझी नोकरी मात्र आणखी सहा महिने कच्चीच.

त्या दिवशी बाबा काठावर शर्ट पिळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेतातला तो माणूस नव्हता ना?"

मी नाही म्हटलं.

"तुझ्या दादाला यातलं काही कळवू नकोस."

आता इतकं लिहिलंच आहे. डॉक्टर म्हणतात, डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्यावर पुढच्या महिन्यात तीन तारखेला शस्त्रक्रिया. तो कितपत सुधारेल, हे ते सांगत नाहीत. बाबा वर्षभर बोटांनी चाचपून कपडा बेतत होते, आणि त्याच घरात बसून मी समाजाच्या समस्यांवर टिपणं काढत होते.

आणखी एक. दुकानात तयार कपडेही ठेवू या, असं तू म्हणालास तेव्हा बाबा अर्धे वळले होते. मी नुकतीच कॉलेजातून आले होते. हातकामाच्या प्रतिष्ठेवर पाऊण तास बोलले आणि त्यांना परत फिरवलं. तू बॅग भरलीस तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. दादा, मला साधं काज करता येत नाही. आजही नाही.

तीन तारखेच्या आधी ये.

मी सहलीचं लिहितेय, असं समोर बसलेल्या बाबांना सांगितलं आहे. तुझा नवा पत्ता माझ्याकडे नव्हता. तुझ्या मित्राला विचारावा लागेल, असं मी पुटपुटले. बाबांनी तो तोंडपाठ सांगितला, गल्लीसकट. वर म्हणाले, "दुसरा मजला, डावीकडचं दार, असं ठळक लिही. जिना फार अरुंद आहे, पोस्टमन खालूनच परत जाईल."

तिथे ते कधी जाऊन आले, ते मी विचारलं नाही. तू विचार.

तू गेलास त्या दिवशी चुकलेली,
तुझी धाकटी