झबुंगा : प्रथम ऐकला, आज

प्रिय ठमे,

तुझ्या पिढीविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती नोंदवायला मी पंखा बंद करून, पाठ ताठ करून बसलो आहे. तक्रार ‘झबुंगा’ या शब्दाबद्दल. पास झालं की झबुंगा, नापास झालं की झबुंगा, चहा सांडला तरी तेच. ना लिंग, ना वचन, ना विभक्ती. शब्द कसला, संन्यासीच तो. पण संन्यासी निदान गप्प तरी बसतात. आमच्या शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीत याला घ्यायचं ठरलं, आणि संपादकबाईंनी ‘तुमच्यासारखा व्युत्पत्तीचा माणूस असताना’ असं म्हणत त्याचं कूळ शोधायचं काम माझ्या गळ्यात घातलं. सव्वीस वर्षं धातू-प्रत्यय सोलून शेवटी हे फळ!

घरी सगळं ठीक. तुझ्या आईने बाल्कनीतल्या कुंड्या पुन्हा हलवल्या, आता कपडे वाळत घालायला शीर्षासन करावं लागतं. मोरीचा नळ दुरुस्त झाला. प्लंबर दोनदा आला, दोन्ही वेळा मीच बोलावलं होतं म्हणे. चष्म्याचा नंबरही बदलून आणला. फारसा फरक नाही. दमायला होतं गं हल्ली, काहीच केलेलं नसताना.

तर झबुंगा. आमच्याकडे अजून चिठ्ठ्यांचीच पद्धत आहे. कोऱ्या चिठ्ठ्यांची होडकी करून तू माझ्या कित्येक दुपारी बुडवल्या आहेस. नवा शब्द कानावर आला की एक चिठ्ठी लिहायची. शब्द, अर्थ, कुठून आला, आणि खाली ‘प्रथम ऐकला’ याच्यापुढे तारीख. एका शब्दाला एका माणसाची एकच चिठ्ठी, हा नियम माझाच. नवीन आलेल्यांना तो मी इतक्या वेळा ऐकवला आहे, की माझी पाठ वळली की ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. चिठ्ठ्या खणात जातात आणि टंकलेखिका त्यांवरून यादी करते.

मंगळवारच्या बैठकीत ती यादी समोर आली. झबुंगाची पाच मुळं! एका चिठ्ठीप्रमाणे तो कार्टूनमधल्या बेडकाचा डबक्यात पडतानाचा उद्गार. दुसरीप्रमाणे एका पडेल सिनेमातल्या खलनायकाचा, पिस्तूल न उडाल्यावरचा. तिसरी कुस्तीच्या समालोचकाला श्रेय देते, चौथी केसांच्या तेलाच्या जाहिरातीला. पाचवीत म्हटलं होतं की एक गायिका भर कार्यक्रमात ओळ विसरली, हसली आणि तिथे ‘झबुंगा’ घालून पुढे गात राहिली. बैठकीत दोन तट पडले. मुद्रितशोधक बेडकाच्या बाजूने इतके तावातावाने बोलले, जणू घरचंच स्थळ. सर्वांत चढा आवाज माझा होता. म्हटलं, पाच जणांनी पाच थापा मारल्या आहेत, कोण हे दिवटे, बोलवा त्यांना समोर.

टंकलेखिका उठली आणि खणच घेऊन आली. पाचही चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं होतं. तीन महिन्यांतल्या पाच तारखा, आणि प्रत्येकीच्या आधी माझ्याच वळणदार अक्षरात ‘प्रथम ऐकला : आज.’

सगळे खो खो हसले. संपादकबाई डोळे पुसत म्हणाल्या, काय हो, आमची परीक्षा घेत होतात की काय! मीही हसलो. म्हटलं, अहो, बघत होतो कोणाच्या लक्षात येतंय ते. बैठक संपल्यावर जागेवर येऊन मी त्या पाच चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या. न्हाव्याने खलनायक सांगितला असेल, शेजारच्या मुलीने बेडूक. असेल म्हणतो, कारण मला एकही प्रसंग आठवत नाही. गायिका मात्र तुझी, तेवढं आठवतं. त्या रविवारी फोनवर झबुंगा म्हणजे काय असं मी विचारलं, तेव्हा तू हसून म्हणालीस, बाबा, मागच्याही रविवारी हेच विचारलं होतंस, आणि त्याच्याही मागच्या. मला वाटलं, तू माझी फिरकी घेते आहेस.

आजोबा तुला कितपत आठवतात कोण जाणे. शेवटच्या वर्षी ते मला रोज सकाळी ‘आपण कोणाकडचे?’ असं विचारायचे. भाषा अतिशय शुद्ध, एक काना इकडचा तिकडे नाही. त्यांची सुरुवात झाली तेव्हा ते माझ्याच वयाचे होते, आणि आम्हीही हसलो होतो.

मला भीती वाटते आहे, ठमे. आईला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरांकडे जायचं आहे, पण त्यांनी काय सांगितलं ते लक्षात ठेवायला बरोबर कुणीतरी हवं, म्हणून तू ये. आणि हेच पत्र तुला पुन्हा आलं, तर हसू नकोस. पाकिटावरची तारीख बघ, आणि मला सांग.

तुझाच,
बाबा