तीन पेले आणि एक नाक

४ एप्रिल
स्वस्ति श्री. वैनगंगातीरनिवासी, कारधाग्रामभूषण, कृष्णपेयाचार्य, भर्जनकलानिधी, भंडारा नगरीतील एकमेव (आणि म्हणूनच सर्वश्रेष्ठ) कॉफीविक्रेते, अर्थात अस्मादिक, यांनी आज प्रातःकाळी चिखलदऱ्याच्या कॉफीची परीक्षा घेतली. बाग एक, झाडे तीच, संस्कार तीन : पहिली धुऊन वाळवलेली, दुसरी चिकट गरासकट, तिसरी अख्ख्या फळात सुकवलेली. पहिलीत लिंबाची निर्मळ आम्लता, दुसरीत गूळ, तिसरीत पिकल्या फणसाचा उन्माद अपेक्षित. गतवर्षी डोळे मिटून ओळखल्या होत्या.
आज तिन्ही पेले एकच. उष्ण, काळे, मौन.
सर्दी नाही.

५ एप्रिल
पुनःपरीक्षा. पाणी बदलले, पात्रे बदलली. परीक्षक तेवढा बदलता आला नाही. निष्पत्ती तीच.
हिंगाचा डबा हुंगला. वास आला. पण डबा डोळ्यांसमोर होता. नाकाने सांगितले की स्मृतीने, हे...
आमचे वडील, बाबूजी, मूठभर धान हुंगून वाण सांगत. प्रथम त्यांचे नाक गेले. आम्ही हसलो. मग नावे गेली. अखेरीस मलाच विचारत, "भाऊसाहेब, तुमी कोन्या गावचे?" इतक्या आदराने या घरात मला पुनश्च कोणी संबोधले नाही.
सौ.ला सांगितलेले नाही.

८ एप्रिल
दवाखान्याच्या पायरीवरून परतलो. गर्दी होती, असे येथे लिहितो. नव्हती.
सायंकाळी सौ.ने पकडले. "सकाळपासून हिंग काहून हुंगून राहिले जी? नशा चढते का त्याची?"
सांगून टाकले. ती हसली नाही. तेव्हा खरे भय वाटले.
उठली, कॉफीच्या तिन्ही बरण्या नाकाशी नेल्या. "अहो, तिन्हीले मोहाचाच वास येऊन राहिला!"
उलगडा : सौ.चे बंधू दिनेश करडीहून मोहफुलांची पोती आणून आमच्या कोठीत, नेमकी कच्च्या कॉफीच्या पोत्यांवर, रचून गेले. मी ती धानाची समजलो. कच्ची कॉफी शेजाऱ्याचा वास पिते; भाजल्यावरही सोडत नाही. मोहाने तिन्ही संस्कारांना एकाच पंक्तीला बसवले.
दिनेशला फोन. "भाऊजी, जागा खाली दिसली म्हून ठेवली. मोह त गोड वास मारते, कॉफीले काय झालं?"
परमानंद. दोन पोळ्या अधिक.

९ एप्रिल
आनंदास छिद्र पडले.
मोहाचा वास सौ.ला पहिल्याच श्वासात आला. त्या कोठीत नित्य वावरणाऱ्या अस्मादिकांना? नाही.
तिला हे सुचलेले नाही. किंवा सुचले आहे. आज वरणात हिंग भरमसाट होता आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत बसली होती.
मी म्हणालो, "वा, हिंग झकास."
वरण पिवळेधमक होते. एवढे नक्की सांगू शकतो.

१५ एप्रिल
बागवाल्याने ताजे नमुने पाठवले. भाजलेल्या कॉफीच्या तीन पुड्या, मोहापासून अलिप्त, घट्ट बंद. सौ.ने वरच्या चिठ्ठ्या काढून पदराला बांधल्या. "आता सांगा, कोनती कोनती."
मी म्हणालो, आचार्यांची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणास?
"मले," ती म्हणाली. समोर बसली आहे. डोळे माझ्यावरून काढत नाही.
पाणी उकळून निवत चालले आहे.
कात्री सापडत नाही. शिवणाच्या डब्यात नाही, फ्रिजवर नाही, देवघरात वातींपाशीही नाही. दातांनी पुडी फाडणे आचार्यपदास शोभत नाही. वापरलेली कात्री या घरात कोणीही जागेवर ठेवत नाही, हे मी विवाहापासून सांगत आलो आहे