दारावरच्या गांधीलमाश्या

३ एप्रिल १९९४
या घरात माझ्यापेक्षा एका पोळ्याला जास्त मान आहे!

व्हरांड्याच्या पत्र्याखाली, बरोबर दाराच्या वर, गांधीलमाश्यांनी घर केलंय. आधी सुपारीएवढं होतं, आता वाटीएवढं. मी झाडू उचलला तर आई धावत आली — "हात लावू नको!" शेजारच्या लक्ष्मीबाईंनी तिच्या डोक्यात भरवलंय की घर बांधणारा जीव दारात आला की त्या घरातल्या पोरीचं लग्न जमतं. दोन-तीन स्थळं हुकल्यापासून आई कुणाचंही ऐकते.

अण्णा रोज वाकून बाहेर पडतात. ऑफिसात साहेबापुढंही वाकत नाहीत म्हणे. माश्यांपुढं वाकतात!

९ एप्रिल
दूधवाल्याला चावली. आता तो फाटकातूनच बोंबलतो.

१० एप्रिल
आज अण्णांचा कान! वड्यासारखा फुगलाय. आई चुना लावता लावता म्हणते, "शुभ असतं हो." मी म्हटलं, डंख फक्त माद्यांना असतो, नर नुसते उडतात. त्यावर अण्णांनी माझ्याकडंच रागानं बघितलं. एम.एस्सी.ला प्राणीशास्त्र घेतलं ते यांना अजून पटलेलं नाही.

१७ एप्रिल
दौलताबादचे लोक बघायला येणार. मुलगा भागवत — वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर, राहायला आईसोबत बजाजनगरला. आईनं पोळ्याला हात जोडले. खरंच जोडले!

जूनपासून मी कॉलेजात शिकवणार, ते त्यांना "चालेल" असं कळवलंय. नोकरी माझी, चालणार त्यांना. वा!

२४ एप्रिल
काय दिवस!

तिघं आले. भागवत, त्याचे चुलते काकासाहेब आणि आई द्वारकाबाई. बोलले फक्त काकासाहेब. द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. "पाणी घ्या वहिनी" म्हटलं की पाणी घ्यायचं, "ठेवा" म्हटलं की पेला ठेवायचा. मनात म्हटलं, ही बाई आहे का बाहुली? चावी कुठं आहे हिची?

पोहे झाले. काकासाहेब दाराकडं बघून म्हणाले, "हे काय पोसलंय?"

अण्णा ओशाळले. "आमच्या हिला शुभ वाटतं."

"शुभ! अहो, उसाच्या फडात असली लई पोळी उतरवलीत आम्ही. काठी आणा, फडकं आणा, रॉकेल आणा."

अण्णांनी पाहुण्याला पान-सुपारी द्यावी तसं सगळं आणून दिलं! भागवतला चेव आला. "काका, द्या मी धरतो." एक डोळा काठीवर, एक माझ्यावर. पेटतं फडकं काठीवरून सुटून खाली पडलं, पोळं अर्धवट तुटून आत आलं, आणि माश्या घरभर.

पहिले काकासाहेब पळाले. धोतराचा सोगा हातात! मागून भागवत. वाटेत त्याची आई होती, तिला ढकलून गेला. दोघं जीपमध्ये, काचा वर. अण्णा न्हाणीघरात. आईनं स्वयंपाकघराला आतून कडी लावली — पोटची पोर बाहेर! फडकं मीच पायानं विझवलं.

राहिलो मी आणि द्वारकाबाई. तिनं पदर तोंडावर घेतला, माझा हात धरून खाली बसवलं. "हलू नको. हात झटकले की चावत्यात." तिच्या पदरावर माश्या फिरत होत्या. ती दगडासारखी बसून होती.

थोड्या वेळानं पदराआडून विचारलं, "कॉलेजात शिकवणार व्हय तू?"

"हो."

"लई चांगलं."

बाहेर हॉर्न. भागवत बोटभर काच खाली करून ओरडत होता, "आई, चल की लवकर! किती वेळ?" ती उठून गेली. तो मात्र खाली उतरला नाही.

मी एवढी हसले की पोट दुखलं.

२५ एप्रिल
आई बोलत नाही. "जमलेलं मोडलं. तुझ्या हसण्यापायी!" जळालेल्या फडक्यामुळं नाही, काकासाहेबांमुळं नाही. माझ्या हसण्यामुळं!

२७ एप्रिल
त्याच जागी माश्या पुन्हा आल्या. लक्ष्मीबाई खुशीत — "बघा, म्हटलं नव्हतं?"

आणि संध्याकाळी दौलताबादहून होकार! मुलगी धीराची आहे म्हणे. पळणाऱ्यांनी दुसऱ्याचा धीर मोजावा! अण्णा पेढे आणायला गेले. मला कुणीच विचारलं नाही.

तसा तो दिसायला वाईट नाही. माश्यांना घाबरतो एवढंच. घाबरणारा नवरा निदान डोक्यावर तरी बसणार नाही. बजाजनगरहून कॉलेजला बसही आहे. विचारलं तर बहुतेक हो म्हणेन.

२८ एप्रिल
दुपारी फोन. घरात मी एकटीच. द्वारकाबाई.

"दुकानातून बोलतेय, जास्त बोलता येत नाय. नाय म्हण, पोरी. भागवतचा हात सुटतो. सध्या माझ्यावरच सुटतो, सून आली की तिच्यावर. मी आई हाय त्याची, मला ठाऊक."

फोन ठेवला तिनं.

अण्णांना "नाही" म्हणून सांगितलं. कारण विचारतायत. आई रडतेय. सांगणार नाही — द्वारकाबाईंना त्याच घरात राहायचंय.