मोजणीवाल्यांना विहीर दाखवा

तीर्थरूप बाबांना इंग्लंडमधल्या ड्यूजबरीहून मेघालीचा नमस्कार.

फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून कागदावर लिहिते. मी बरी आहे, हॉस्पिटलची ड्युटी वेळेवर सुटते. या गावातही पूर्वी भिवंडीसारखे लूम होते, आता बंद पडलेत. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या वॉर्डच्या भिंतीवर साडेचारशे वर्षांपूर्वीचा नकाशा लावलाय. तो काढणारा सॅक्स्टन इकडचाच. तो वेल्समध्ये मोजणीला गेला तेव्हा राणीच्या दरबाराचा हुकूम होता, की गावातल्या जाणत्यांनी त्याला उंच टेकडीवर न्यावं आणि मुलूख दाखवावा.

कुणालदादा सांगत होता, आपल्या वळ गावात नव्या रस्त्यासाठी जमिनीची मोजणी करायला माणसं आली, तर तुम्ही त्यांना कोयता दाखवलात. बाबा, अशाने मोजणी थांबत नाही. ते परत आले की चहा पाजा, सोबत चाला. आपली विहीर दाखवा, गावदेवी दाखवा.

काल फोनच्या नकाशात आपलं घर शोधलं. तिथे नुसतं शेजारच्या गोडाऊनचं नाव आहे. या मोजणीवाल्यांच्या नकाशात तरी आपलं घर येऊ द्या.

आणि तो कोयता आईकडे द्या.

तुमच्याइतकीच तापट,
मेघाली