सातवी हिरवी खूण

प्रिय जोडीदारणी,

तुझ्या खात्याकडून काल आलेल्या चौकशी अहवालावर मी सोमवारी सही करावी अशी अपेक्षा आहे, आणि त्यात सगळी चूक छपाईयंत्रावरच्या खिळेमामांच्या माथी मारली आहे, म्हणून हे पत्र. एरवी लिहिलं नसतं. गेली दोन वर्षं तू मला जे काही पाठवतेस त्याच्या डोक्यावर ‘डिअर टीम’ असतं. टीमने उत्तर द्यावं, मी कशाला देऊ?

अहवाल दोनदा वाचला. ‘कोलॅबोरेटिव्ह वर्कफ्लोच्या अंतिम टप्प्यात अलाइनमेंट राहिली नाही.’ हे वाक्य कुणी रचलं ते मला कळू नये अशी तुझी इच्छा असेल, पण एवढा पल्लेदार शून्य तूच काढू शकतेस. मी साध्या भाषेत सांगते. बाळांच्या तापाच्या औषधाचं माहितीपत्रक आपण छापलं, आणि ‘तीन महिन्यांखालच्या बाळाला देऊ नये’ ही ओळ त्यातून गळाली. औषधाच्या दुकानातल्या एका बाईने खोकं फोडलं, पत्रक वाचलं आणि फोन केला, म्हणून कुणाचं मूल दगावलं नाही. त्या बाईला सिनर्जी ठाऊक नसावी. तिला वाचता येत होतं.

आपला छापखाना त्या मोठ्या छापखान्यात विरघळला त्या आठवड्यातलं ट्रेनिंग आठवतं? कानाला माइक लावलेला तो गृहस्थ, आणि तो लोकरीचा गुंडा. एकाने धागा धरायचा, गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा आणि मोठ्याने म्हणायचं, ‘आय कनेक्ट.’ चाळीस माणसं, सगळी शहाणीसुरती, लोकरीत गुरफटून उभी. तू पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होतीस. खिळेमामांनी शांतपणे विचारलं, हे सगळं झाल्यावर गुंडाळणार कोण? सगळे हसले. चहाची वेळ झाली तशी कनेक्ट झालेली माणसं धागे टाकून निघून गेली, आणि ती लोकर मामांनी आणि मी पाऊण तास बसून गुंडाळली. बारभाईची शेती म्हणतात ती हीच. आपल्या आज्यांना ती एका ओळीत कळली होती. तुम्हाला तीन दिवसांचं शिबिर लागलं.

आपल्या टेबलावर किती जणी होतो? दोघी. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, दुसरीने छापील कच्च्या प्रतीवर ओळीखाली लाकडी पट्टी सरकवत जायचं. पान संपलं की अदलाबदल. टेबलावर पेन एकच. दोघींनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय त्याचं टोपण निघायचं नाही, आणि मग एकीखाली दुसरीची सही. हा नियम तू केलास, मी नाही. कॉलेजात एका बाकावर बसून तू माझ्या वह्या उतरवायचीस, तेव्हा मला वाटलं नव्हतं की तू कधी नियम करशील. पण केलास, आणि सव्वीस वर्षं पाळलास. तुझे यजमान गेले त्यानंतर पंधराव्या दिवशी तू कामावर आलीस. मी म्हटलं, आज राहू दे. तू गणिताच्या कोष्टकांचं पुस्तक ओढलंस आणि संध्याकाळपर्यंत मला आकडे वाचून दाखवलेस, एकसुरी, न थांबता. मी पट्टी सरकवत राहिले. त्याला आपण काय म्हणायचो? काहीच नाही. त्याला शब्द नव्हता, म्हणून ते चालत होतं.

आता शब्द आहेत. टीमवर्क, पार्टनरशिप, इंटिग्रेशन, को-ओनरशिप. प्रत स्क्रीनवर असते, सात जणांना एकदम दिसते, प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून खाली हिरवी खूण करायची. मोठ्याने वाचणं बंद, कारण त्याने म्हणे बाकीच्यांच्या कामात व्यत्यय येतो. त्या पत्रकाच्या मांडणीत कंपनीचं नवं चिन्ह बसवायला जागा हवी होती, म्हणून वरच्या मजल्यावर कुणीतरी एक ओळ उडवली. कुणी, ते अहवालात नाही. पहिल्या पाचांनी खुणा केल्या. ती माणसं वाचणारी नव्हेतच, त्यांच्याबद्दल माझी तक्रारही नाही. बोट आहे, बटण आहे, दाबलं. सहावी खूण तुझी आहे. त्यानंतर मामांनी फक्त फाइल यंत्राला दिली, म्हणून ‘शेवटचा हात’ त्यांचा. वड्याचं तेल वांग्यावर काढायला तुम्हाला वांगंही बरं सापडलं: शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून या धंद्यात असलेला, इंग्रजी अहवाल न वाचणारा, निवृत्तीला पाच महिने उरलेला माणूस. त्यांना काढून टाकलं की अलाइनमेंट झाली.

अहवाल आल्यावर मी तुला फोन केला. तू बराच वेळ प्रोसेसबद्दल बोललीस. मग मी विचारलं, तू वाचलं होतंस का. तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी आपल्या भाषेत बोललीस. म्हणालीस, “अगं, मला वाटलं, तू वाचणारच आहेस.”

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल रागाने ठेवला. तसं नव्हतं. सातवी खूण माझी आहे, आणि तीही न वाचता केलेली आहे. समोर सहावी तुझी होती. सव्वीस वर्षांत तुझ्या सहीखाली काही चुकीचं मी पाहिलं नव्हतं, म्हणून पाहिलं नाही. इतकंच असतं तर आपण दोघी बरोबरीत सुटलो असतो. पण छपाईच्या आधी मामा माझ्या टेबलाशी आले होते. त्यांना शब्द वाचावे लागत नाहीत, त्यांना पानाचं वजन कळतं. ते म्हणाले, “बाई, पान हलकं दिसतंय. एखादी ओळ कमी आहे का बघा.” मी चष्मासुद्धा लावला नाही. म्हटलं, “तिने पाहिलंय.” मामांनी हे चौकशीत सांगितलेलं नाही. मला वाचवायला गप्प बसले, आणि मी चार दिवस त्यांना गप्प बसू दिलं. तुझ्या लोकांबद्दल वर मी जे जे म्हटलं ते खरं आहे, पण त्यात मला जमेला धरायचं राहिलं होतं. तुझा अहवाल मी फेटाळते आहे आणि सोबत माझं निवेदन जोडते आहे. सोमवारी दहाला समितीपुढे मी ते मोठ्याने वाचणार आहे, स्वल्पविरामांसकट. दुसरीकडे पट्टी धरायला कुणीतरी लागेल.

तुझीच,
पलीकडच्या खुर्चीतली

सोबत दिलेल्या वस्तू, तुझ्या इमारतीच्या रखवालदाराच्या हाती, शनिवार, सकाळी साडेनऊ:
पत्रकाची मूळ प्रत, गळालेल्या ओळीसह, एक.
चौकशी अहवाल, सही न केलेला, एक.
निवेदन, दोन पानी, एक. खाली सह्यांच्या जागा दोन, पैकी वरची भरलेली.
लाकडी पट्टी, एक.
पेन, एक. माझ्याकडे दुसरं नाही.